रविवारी फडक्यावर धूळ कमी येते, मग बाबांचा खोकला का कमी होत नाही?

कात्रजची_लेक | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी एरवी वाचनमात्रच असते, पण घरात या विषयावर बोलायला कोणी नाही आणि डॉक्टरांकडे पाच मिनिटांत एवढं सगळं विचारता येत नाही म्हणून धागा काढतेय. थोडा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही कात्रजला राहतो, कोंढव्याकडे जाणारा रस्ता गॅलरीतून दिसतो. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. सातारा रस्त्याकडून सोलापूरकडे जाणारे ट्रक, कंटेनर, काँक्रीटचे मिक्सर सगळे इथूनच, त्यात रुंदीकरण कित्येक वर्षं चाललेलं. बाबा ७३ वर्षांचे, दमा जुना. थंडी पडली की रात्री दोन-दोन उश्या लावून बसल्या बसल्या झोपतात. आई गेल्यापासून सकाळी तलावाकडे एक चक्कर एवढाच त्यांचा विरंगुळा, तो मला तोडायचा नाहीये.

तर दिवाळीनंतर मी एक सुरू केलं. आईच्या जुन्या पांढऱ्या सुती साडीचे सारख्या मापाचे तुकडे कापले. रोज सकाळी सात वाजता रेलिंगचा ठरलेला हातभर भाग ओल्या तुकड्याने पुसायचा, तुकडा सावलीत वाळवायचा, वार-तारीख घालून फाइलला लावायचा. सोमवारी सकाळी पुसलेला तुकडा म्हणजे रविवारची धूळ, म्हणून वार आदल्या दिवसाचा लिहिते. सात आठवडे झाले. फाइल उघडली की वार बघायची गरजच पडत नाही, रविवारचे तुकडे लगेच ओळखू येतात. मंगळवार-बुधवारचे चहाच्या फडक्यासारखे तपकिरी, रविवारचे नुसते राखाडी.

मग मी खूश होऊन बाबांना म्हटलं की रविवारी जास्त वेळ फिरत जा. पण त्यांच्या फुंकायच्या मीटरचे आकडे (जेवढा आकडा जास्त तेवढा श्वास मोकळा, डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवायला सांगितलेत) तुकड्यांशी जुळतच नाहीत. रविवारी आकडा वर जात नाही, उलट दोन-तीनदा सगळ्यात वाईट आकडा सोमवारी सकाळी आला. खोकलाही तसाच.

सुट्टीच्या दिवशी हवा खरंच चांगली असते का? असेल तर छातीला ती का कळत नाही?

घाटचढणारा | सोमवार, रात्री ११:२५

ताई, असतेच चांगली. मी गेली आठ वर्षं दर रविवारी पहाटे सायकलने कात्रजचा जुना घाट चढतो. मंगळवारी त्याच वेळी गेलो तर स्वारगेटपासूनच डोळे चुरचुरतात, रविवारी काही जाणवत नाही. रस्त्यावर गाड्या निम्म्यासुद्धा नसतात, शाळेच्या बस नाहीत, कंपनीच्या बस नाहीत. बाबांचं काहीतरी वेगळं कारण असेल, थंडीचं वगैरे.

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ८:१०

धागा वाचून राहवलं नाही. मी हवेच्याच आकड्यांशी संबंधित काम करतो, सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो, तुमचं फडकं खोटं बोलत नाहीये आणि बाबांची छातीसुद्धा नाही. दोघं वेगवेगळी धूळ मोजतायत.

पीएम १० म्हणजे १० मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण, पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन आणि त्याहून बारीक. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज येईल. रेलिंगवर जे बसतं ते बहुतेक जाडं, १० च्या आसपासचं नाहीतर त्याच्याही वरचं. ही रस्त्यावरची माती, टायर-ब्रेकची झीज, बांधकामाची पूड. चाक गेलं की उडते आणि चाकं थांबली की बसते. स्थिर हवेत, पाण्याइतक्याच घनतेचा धरला तर, १० मायक्रॉनचा कण तासाला साधारण १० मीटर खाली येतो. १ मायक्रॉनचा कण तासाभरात वीतभरही उतरत नाही! तो वाऱ्याबरोबर दिवसच्या दिवस तरंगत राहतो, मुख्यतः पावसानेच धुऊन निघतो. फडक्यावर तो बसणारच नाही, आणि समजा थोडा बसला तरी डोळ्याला दिसायचा नाही. फुप्फुसात अगदी आतपर्यंत जातो तो हाच.

म्हणजे रविवारी वाहनं कमी झाली की जाडी धूळ त्याच दिवशी कमी होते. बारीक मात्र शुक्रवार-शनिवारची साचलेली तशीच असते. घरात चूल विझवली तरी माजघरातला धूर कौलांतून निघून जायला वेळ लागतो ना, तसं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बारीक कणांतला बराचसा भाग धुराड्यातून किंवा सायलेन्सरमधून कण म्हणून बाहेर येतच नाही, वायू म्हणून येतो. नायट्रोजनचे ऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, वर अमोनिया, हे हवेत एकमेकांशी आणि उन्हाशी मिळून नायट्रेट-सल्फेटचे कण होतात आणि त्याला काही तासांपासून काही दिवस लागतात, तोवर वारा त्यांना कुठून कुठे घेऊन जातो. तुमच्या गॅलरीत रविवारी जे आहे ते शुक्रवारी दुसऱ्याच तालुक्यात सुटलेलं असू शकतं.

घाटचढणारा दादा, तुमचा अनुभवही खराच आहे. डोळे चुरचुरतात, वास येतो तो ताज्या धुराचा. नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, डिझेलची काजळी यांच्यात सुट्टीचा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो, जगभर दिसतो. पीएम १० मध्ये त्याखालोखाल आणि पीएम २.५ मध्ये सगळ्यात कमी, कित्येक ठिकाणी तर आहे की नाही हेही ठरवता येऊ नये इतका कमी. नाकाला पीएम २.५ कळत नाही.

भोसरीकर | मंगळवार, दुपारी १:१५

माहितीपूर्ण प्रतिसाद. आकडेमोड साहेब, एक विचारायचं होतं. तुम्ही सगळे रविवार रविवार म्हणताय पण आमच्याकडे एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी असते. माझे वडील भोसरीत फाउंड्रीला होते, मी पण इथेच शॉपमध्ये आहे, आमच्या घरात रविवार म्हणजे कामाचा दिवस आणि गुरुवारी सगळे घरी. विजेचा भार वाटला जावा म्हणून हे वार पूर्वीपासून लावून दिलेत. लहानपणी आई चादरी आणि पांढरे कपडे गुरुवारीच धुवायची, एरवी वाळत घातले की काळे ठिपके पडतात म्हणायची. आम्हाला वाटायचं गुरुवार देवाचा वार म्हणून धुते.

तर आमच्या भागात हवेचा रविवार गुरुवारी येतो का?

आकडेमोड | मंगळवार, दुपारी २:५०

भोसरीकर, फार मोलाचं लिहिलंत. हे बाहेरच्या अभ्यासांत सापडत नाही कारण तिथे सगळ्या शहराची सुट्टी एकाच दिवशी. आपल्याकडे शाळा-ऑफिसं रविवारी बंद, कारखाने गुरुवारी, दुकानं आणखी तिसऱ्याच दिवशी. पुण्याची सरासरी काढून शनिवार-रविवार विरुद्ध बाकीचे पाच दिवस असा सरळ भाग केला तर रविवारी रस्ता शांत आणि भोसरी चालू, गुरुवारी उलटं, दोन्ही एकमेकांत मिसळून फरक पुसट होतो. सफर या हवा मोजणाऱ्या सरकारी यंत्रणेचं एक केंद्र भोसरीला आहे, एक कात्रजला, एक पाषाणला. ही तिन्ही वेगवेगळी बघायला हवीत.

अवांतर: सफर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी सुरू झालं, पण ते उभं केलं पाषाणच्या आपल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने. पुण्यात २०१३ मध्ये आलं, मुंबईत २०१५ मध्ये.

यंत्रमाग_मालेगाव | मंगळवार, सायं. ६:३०

आमच्याकडे शुक्रवार. जुम्म्याला माग बंद, बाजार बंद. गुरुवारी रात्री माग थांबले की कानाला कसंतरी होतं इतकी सवय आहे खडखडाटाची. सायझिंगच्या (सुताला खळ लावायच्या) भट्ट्याही त्या दिवशी थंड असतात, त्यांत काय काय जाळतात ते इथे लिहित नाही पण वास सांगतो. शुक्रवारी गच्चीवर झोपलो तर सकाळी नाकपुड्या काळ्या नसतात. मोजलेलं काही नाही, जे दिसतं ते सांगतोय.

भोसरीकर | मंगळवार, सायं. ७:०५

गुरुवारबद्दल अजून एक राहिलं. वीज दुरुस्तीचा दिवस पण गुरुवारच असतो. म्हणजे कारखाने बंद, पण सकाळपासून लाइट गेली की सोसायट्यांचे डिझेल जनरेटर सुरू. आमच्या बिल्डिंगचा जनरेटर तळमजल्यावर, धुराडं दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत. तीन वेळा अर्ज दिला. वाढवून मिळालं नाही.

कात्रजची_लेक | मंगळवार, रात्री ९:५५

सगळ्यांचे खूप आभार. आकडेमोड दादा, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे दिसतं ते मारत नाही आणि मारतं ते दिसत नाही."

एक शंका आहे. मी हवेचा आकडा दाखवणारं समीर अ‍ॅप पण बघते. रविवारी सकाळी सहाला बघितलं तर आकडा शनिवारसारखाच असतो, आणि सोमवारी सकाळी मात्र खाली आलेला दिसतो, तेव्हा तर रस्ता पुन्हा भरलेला असतो. अ‍ॅप मागे पडतं का?

आकडेमोड | मंगळवार, रात्री ११:३०

अगदी बरोबर पकडलंत. बहुतेक लोक इथेच फसतात.

आपला राष्ट्रीय एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, २०१५ मध्ये आला. त्यात कणांसाठी जो आकडा धरतात तो गेल्या २४ तासांच्या सरासरीवरून काढतात, त्या क्षणाच्या हवेवरून नाही. रविवारी सकाळी सहाला जो आकडा दिसतो त्यात शनिवारचा अख्खा दिवस आणि शनिवारची रात्र आहे. सोमवारी सकाळी सहाला दिसतो त्यात रविवार आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं रोजचं पत्रक निघतं दुपारी चारला, म्हणजे "रविवारचा एक्यूआय" म्हणून पेपरात येतं त्यात शनिवारी संध्याकाळची अख्खी गर्दी बसलेली असते आणि रविवारी संध्याकाळची पुढे ढकललेली असते. तुम्ही फडक्यावर आदल्या दिवसाचा वार लिहिलात ते म्हणूनच मला फार आवडलं, भल्याभल्यांचं तिथे चुकतं.

अजून एक. एक्यूआय म्हणजे सगळ्या प्रदूषकांची सरासरी नव्हे, प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सगळ्यात वाईट तोच त्या केंद्राचा आकडा होतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत तो पीएम १० चा असेल आणि रविवारी पीएम १० उतरला तर एक्यूआय उतरेल, पीएम २.५ जागचा हलला नसला तरी. म्हणून आकड्याखाली कोणाचं नाव लिहिलंय ते बघत जा. दम्याच्या माणसासाठी पीएम २.५ चा आकडा वेगळा उघडून बघा. आपली २४ तासांची मर्यादा घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची १५ वर आणली. म्हणजे आपल्याकडे जे "समाधानकारक" म्हणून हिरवं दिसतं ते त्यांच्या मर्यादेच्या चौपट असू शकतं.

तासातासाचे आकडे केंद्रीय मंडळाच्या साइटवरून फुकट उतरवता येतात. ते घ्या, अ‍ॅपचा रंग नको.

गणिताची_गोडी | बुधवार, सकाळी १०:२०

सहमत, पण सात आठवडे म्हणजे सातच रविवार झाले, त्यावरून काही ठरवता येत नाही हेही लिहायला हवं. हवा एका दिवसात वाऱ्याने जेवढी बदलते तेवढी वाराने कधीच बदलत नाही. एक रविवार वाऱ्याचा आला की सगळी सरासरी बदलते. उलटंही होतं. २०२३ चं लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, रविवार. त्या एका रात्रीचे आकडे नोव्हेंबरच्या चार रविवारांच्या सरासरीत घातले तर रविवार हा महिन्याचा सगळ्यात घाणेरडा वार ठरेल. म्हणून सरासरी काढू नये, मध्यक काढावा, आणि प्रत्येक रविवारची तुलना त्याच्याच मागच्या आणि पुढच्या बुधवारशी करावी म्हणजे ऋतू तरी सारखा राहतो. सणाचे दिवस बाजूला काढून ठेवावेत. दोन-तीन हिवाळ्यांचे आकडे तरी हवेत.

या विषयाचं मला एवढं महत्त्व वाटतं त्याचं कारण सांगतो. दिवस-रात्र सूर्यामुळे होतात, ऋतू पृथ्वीच्या कलण्यामुळे, तिथी चंद्रामुळे. सात दिवसांचा आठवडा निसर्गात कुठेच नाही, तो माणसाने ठरवलेला आहे. त्यामुळे हवेत सात दिवसांचं आवर्तन खरोखर सापडलं तर तो हिस्सा शंभर टक्के आपण केलेला आहे हे सिद्ध होतं, वाळवंटाकडे किंवा समुद्राकडे बोट दाखवायला जागाच उरत नाही. सर्व्हेनी आणि बॉलिंग या दोन शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या पावसातसुद्धा असं आठवड्याचं आवर्तन दिसतं असं मांडलं होतं. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण प्रश्न विचारायची पद्धत मला आजही सुंदर वाटते.

चेंबूरनाका | बुधवार, दुपारी ३:४०

मुंबईचं लिहिते. आमच्याकडे सुट्टी फक्त ऑफिसला असते, मिक्सरला नसते. रविवारी रस्ता मोकळा म्हणून डंपर उलट सुसाट येतात आणि समोरच्या पुनर्विकासाच्या साइटवर स्लॅबचं काम मुद्दाम रविवारी काढतात. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये २७ कलमी नियम काढले, ७० मीटरपेक्षा उंच इमारत असेल तर किमान ३५ फुटांचे पत्रे हवेत, पाणी मारायला हवं, ट्रक झाकलेला हवा वगैरे. पत्रे आहेत समोर. पाणी मारणारा माणूस रविवारी येत नाही. म्हणजे काम चालू आणि धूळ बसवायची सोय सुट्टीवर. सहाव्या मजल्यावरून हे मी दर आठवड्याला बघते, व्हिडिओ करून तक्रार टाकते.

मुंबईत दिवसा समुद्राकडून वारा आला की हवा हलते, रात्री जमिनीकडून उलटा वाहतो आणि थंडीत तोही पडतो. त्यामुळे कोणता वार यापेक्षा वारा सुटलाय की नाही हेच आम्ही बघतो. मुलीला दमा आहे, खाडीकडच्या खिडक्या कधी उघडायच्या ते आता पाठ झालंय.

स्वाबियातला_पुणेकर | बुधवार, रात्री ८:१५

मी श्टुटगार्टला असतो, इथे आपली पुण्याची गाडी उद्योगातली मंडळी बरीच आहेत त्यामुळे हा धागा ग्रुपवर फिरतोय. हे शहरसुद्धा कात्रजसारखंच डोंगरांच्या मधल्या वाटीत बसलंय. नेकारटोर नावाचा एक चौक जर्मनीतला सगळ्यात प्रदूषित म्हणून बदनाम होता. जानेवारी २०१६ पासून २०२० पर्यंत इथे हिवाळ्यात वारा पडणार असला की शहर बारीक कणांचा इशारा जाहीर करायचं आणि गाडी घरी ठेवा असं आवाहन करायचं. पण त्या इशाऱ्यात दुसरीही एक अट आली. घर गरम करायला दुसरी सोय असताना केवळ हौस म्हणून शेकोटीत लाकडं जाळायला मनाई. कारण शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी लोक घरी असतात, पाहुणे येतात, लाकडं पेटतात. गाड्या कमी होतात आणि चिमण्या वाढतात. म्हणजे सुट्टीच्या दिवशी धूर थांबत नाही, जागा बदलतो. कात्रजला सुट्टीच्या दिवशी काय पेटतं ते बघा.

श्वासाची_फिजिओ | बुधवार, रात्री ९:३०

वरच्या प्रतिसादाला +१. ताई, मी दम्याच्या, सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) लोकांना व्यायाम शिकवते, माझ्याकडून दोन गोष्टी.

बाबा किती वाजता फिरायला जातात? वारापेक्षा तास शंभरपट महत्त्वाचा. थंडीत रात्रभर जमिनीलगतची हवा गार होऊन बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. ज्या उंचीपर्यंत हवा मिसळते ती पहाटे शंभर-दोनशे मीटरच असते, दुपारी किलोमीटरच्या वर जाते. तेवढाच धूर, पण भांडं लहान. लोकांना पहाटेची हवा शुद्ध वाटते कारण ती गार असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाच-सहाला फिरणं दम्याच्या माणसाला सगळ्यात वाईट, मग तो रविवार असो की बुधवार. गार हवेने श्वासनलिका आकसतात ते वेगळंच. ऊन चढून दीड-दोन तास झाले की निघा.

दुसरं म्हणजे रविवारी घरातलं बघा. सगळे घरी, कढईत तळण, वर उदबत्ती, संध्याकाळी डासांची कॉइल, आणि थंडी म्हणून खिडक्या बंद. फडकं गॅलरीत आहे, बाबा घरात आहेत.

आणि सोमवारी सकाळी मीटरचा आकडा पडतो म्हणताय तर रविवारची इनहेलरची फवारणी नीट होते का तेही बघा, सुट्टीच्या दिवशी औषधाच्या वेळा हमखास चुकतात.

घाटचढणारा | बुधवार, रात्री १०:१०

मान्य, माझं पहिलं उत्तर घाईचं होतं. अजून एक आठवलं. रविवारी घाट चढताना हवा छान असते पण परत येताना साडेआठ-नऊला खेड-शिवापूरकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असते, सिंहगडाच्या पायथ्याला तर विचारूच नका, एकेक गाडी क्लच दाबत चढते. लोणावळ्याच्या घाटात शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी तेच. गाड्या शहरातून कमी होऊन डोंगरात जातात. आपण जिथे हवा खायला जातो तिथेच.

ऑरेंजकाउंटीतून | गुरुवार, सकाळी ७:४५

थोडंसं अवांतर, पण लॉस एंजेलिसच्या बाजूला राहत असल्याने लिहितो. इथे सुट्टीच्या दिवशी जमिनीलगतचा ओझोन उलट वाढायचा, इथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाने त्यावर कितीतरी वर्षं काम केलंय. ट्रकच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो, शनिवार-रविवारी ट्रक कमी, मग खाणारा कमी. त्यामुळे गाड्या निम्म्या केल्या की सगळंच निम्मं होईल हे गणित हवेत चालत नाही. दम्याला ओझोनही वाईट, आणि तो दुपारच्या उन्हात वाढतो, तेव्हा उन्हाळ्यात बाबांना दुपारी पाठवू नका.

आकडेमोड | गुरुवार, सकाळी ९:००

याला आपल्याकडचा पुरावा टाळेबंदीचा. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू रविवारीच होता आणि २५ पासून सगळं बंद. इतका लांब "रविवार" पुन्हा कोणाला मिळणार नाही. नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने उतरला. पीएम २.५ उतरला, पण त्यामानाने कमी, आणि शून्याच्या जवळपासही गेला नाही, कारण चुली पेटत होत्या, वीजनिर्मिती चालू होती, कचरा जळत होता. मग आठवड्यातल्या एका दिवसाकडून किती अपेक्षा करायची?

कात्रजची_लेक | सोमवार, रात्री ९:२०

धागा वर काढतेय. या रविवारी मी बाबांबरोबर स्वतः गेले. पावणेसहाला, त्यांच्या नेहमीच्या वेळेला, मुद्दाम बघायचं म्हणून.

अंधार होता. सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी, जिथून तलावाकडे जायची पायवाट आहे, तिथे झाडूवाले काका आणि रात्रीचे वॉचमन शेकोटीला बसलेले. शेकोटी म्हणजे काय, तर रविवारी कचरागाडी येत नाही, म्हणून शनिवारचा सगळा पालापाचोळा तिथे ओढून आणलेला, त्यात दुधाच्या पिशव्या, थर्माकोलचं खोकं, शनिवारच्या वाढदिवसाच्या कागदी प्लेटा. पेट घेत नव्हतं, नुसतं धुमसत होतं. धूर वर जातच नव्हता. गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवा पसरला होता, पायवाटेवर पाण्यासारखा साचून राहिला होता, आणि त्यातून पलीकडे दहा-बारा माणसं फिरायला चाललेली, त्यात बाबा. श्वासाच्या ताईंनी झाकणाचं लिहिलंय ते डोळ्यांनी बघितलं.

बाबा म्हणाले, "रविवारी असतंच हे. म्हणून मी इथून भरभर चालतो." भरभर! म्हणजे जास्त श्वास घेतात. मला तिथेच रडू आलं.

काकांना काही बोलले नाही. त्यांच्या अंगात एक पातळ स्वेटर, त्यांना थंडी वाजते म्हणून ते बसलेत, आणि पाचोळा ठेवायला जागा आम्हीच दिलेली नाही. दुपारी चेअरमनकडे गेले. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये अलमित्रा पटेल यांच्या खटल्यात उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणात जाळण्याला २५,००० दंड, हे कागदावर लिहून नेलं होतं. सुरुवातीला ते म्हणाले की पाला तर जाळलाय, प्लास्टिक थोडंच आहे. मग मी फाइल उघडून तुकडे दाखवले आणि म्हटलं की हे जे दिसतंय ते यातलं नाहीच, यातलं बाबांच्या छातीत आहे. त्यांच्या आईलाही दमा आहे, ते मला माहीत नव्हतं.

ठरलंय ते असं. मागच्या कोपऱ्यात पाल्यासाठी जाळीचा खड्डा, पाला तिथेच कुजवायचा. काकांना आणि वॉचमनना दोन जाड जॅकेटं आणि केबिनला दरवाजा. रविवारचा सुका कचरा सोमवारपर्यंत पोत्यात. बाबा आता साडेनऊला जातात, कुरकुर करतात कारण त्यांचे मित्र पहाटेचे आहेत, पण दोघं जण त्यांच्याबरोबर उशिरा यायला तयार झालेत. फवारणीचंही खरं निघालं, रविवारी दुपारची राहून जायची, आता माझ्या फोनला गजर लावलाय.

मीटरचे आकडे अजून आठवडाभराचेच आहेत, गणिताची गोडी रागावतील म्हणून आत्ता काही लिहित नाही.

गणिताची_गोडी | सोमवार, रात्री ९:५०

रागावणार नाही. पण होळीपर्यंत तरी लिहित राहा, आणि होळीची रात्र वेगळी काढा.

भोसरीकर | सोमवार, रात्री १०:०५

ताई, तुमचं वाचून मी पण पांढरे तुकडे कापलेत. भोसरीत गुरुवार आणि रविवार दोन्हीचे लावतोय. ऑफिसमधल्या एकाने छोटा लेझर मीटरही आठवडाभरासाठी दिलाय, पीएम २.५ दाखवतो.

आकडेमोड | सोमवार, रात्री १०:३०

उत्तम. हे छोटे मीटर धुक्यात फुगवून दाखवतात, ओलाव्याने कण सुजतात म्हणून. पहाटेचा आकडा जपून वाचा, आणि शक्य झालं तर एक दिवस भोसरीच्या केंद्राजवळ नेऊन दोन्ही आकडे शेजारी लिहा. मग गुरुवारचे इथे टाका.

भोसरीकर | सोमवार, रात्री १०:४५

टाकतो. या गुरुवारी सकाळी नऊपासून लाइट नाही असा मेसेज आलाय, मीटर पॉवरबँकेवर लावतो आणि जनरेटरच्या वरच्या खिडकीत ठेवतो.